पिकअप गाडीतून रबर जळाल्याचा वास : कारण शोधण्याची आणि दुरुस्तीची रीत

भाजीचे क्रेट, सिमेंटच्या गोण्या किंवा दुधाचे कॅन भरून रोज धावणाऱ्या पिकअपमधून कधी ना कधी रबर जळाल्याचा वास येतोच. तसा वास आला की बहुतेक जण बॉनेट उघडतात, फॅन बेल्ट चकाकलेला दिसला की तो बदलतात आणि कामाला लागतात. काही वेळा एवढ्याने भागतेही. पण पुष्कळदा नवा बेल्ट थोड्याच दिवसांत तसाच जळू लागतो, कारण जुना बेल्ट आपण होऊन जळलेला नसतो, त्याच्या वाटेतली एखादी पुली अडकत असते. हाच प्रकार ब्रेक, क्लच आणि टायर यांच्या बाबतीत होतो. म्हणून जळलेला भाग सापडला की काम अर्धेच झाले असे समजावे. त्या भागाला एवढी उष्णता कोठून मिळाली, हे कळल्याशिवाय नव्या सामानावर पैसे घालू नयेत.

वास आल्याबरोबर

पहिला प्रश्न असा की, वास आपल्याच गाडीचा आहे का? घाटात पुढे चाललेल्या लोडेड ट्रकचे ब्रेक तापले की तो वास मागच्या सगळ्या गाड्यांत शिरतो. सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्यावी, पुढचा ट्रक निघून जाऊ द्यावा आणि खाली उतरून वास घ्यावा. वास कायम राहिला तर तो आपला.

थांबताना एक काळजी आवर्जून घ्यावी. ब्रेक तापल्याची शंका असेल तर हँडब्रेक ओढू नये, कारण तापलेल्या ड्रमवर लायनर दाबून ठेवले की ते तसेच धरून बसण्याची किंवा ड्रम वाकडा होण्याची भीती असते. शक्यतो सपाट जागा निवडावी, इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना लाकडी ठोकळे किंवा दगड लावावेत. (निघताना ते दगड उचलून कडेला टाकावेत, रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा त्यावर जीव जाऊ शकतो.) तापलेल्या ड्रमवर किंवा डिस्कवर पाणी कधीही ओतू नये. एकदम थंड झालेले बीड (ओतीव लोखंड) तडकते, आणि ती तड पुढे ऐन उतारावर महागात पडते.

धूर दिसत असेल तर प्रसंग वेगळा आहे. बॉनेटच्या फटीतून धूर येत असताना बॉनेट पूर्ण उघडले तर आत एकदम हवा शिरते आणि धुमसणारी आग भडकते. अशा वेळी इंजिन बंद करून सर्वांनी गाडीपासून दूर व्हावे. पावडरचे अग्निशामक यंत्र हाताशी असेल तर बॉनेट जेमतेम बोटभर उचलून त्या फटीतून फवारा मारावा. ज्वाळा दिसू लागल्या असतील तर मालाचा विचार सोडून द्यावा आणि 112 वर फोन करावा.

वासाची वेळ

पाना हातात घेण्याआधी चालकाने स्वतःला काही प्रश्न विचारावेत, आणि गाडी दुसऱ्याची असेल तर तिच्या चालकाला विचारावेत. वास गाडी सुरू करताच येतो की दहा-पंधरा किलोमीटर चालल्यावर? गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवले तर येतो का? चढावर येतो की उतारावर? गाडी भरलेली असतानाच येतो का? एसी लावल्यावर, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा दिवे लावल्यावर वाढतो का? या उत्तरांनीच निम्मी कारणे बाद होतात. गाडी उभी असताना, केवळ इंजिन चालू ठेवून वास येत असेल तर ब्रेक, टायर आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा फिरता दांडा) यांचा विचार करण्याचे कारण उरत नाही. कारण बॉनेटखाली, सायलेन्सरवर किंवा वायरिंगमध्ये आहे. उलट, इंजिन बंद करून गाडीभोवती फेरी मारताना एका चाकाजवळच वास दाटलेला असेल, तर बॉनेट उघडण्यात वेळ घालवू नये.

वासाच्या जातीवरूनही अंदाज येतो, मात्र त्यावर फार विसंबू नये. बेल्टचा आणि टायरचा वास खऱ्या रबराचा असतो. क्लच प्लेटचा वास जळक्या कागदासारखा, उग्र असतो, आणि ब्रेक लायनरचा त्याच्या इतका जवळचा असतो की अनुभवी मिस्त्रीही नुसत्या नाकाने फरक सांगताना चुकतो. वायरीचा वास प्लॅस्टिकचा असतो आणि तो डोळ्यांना व घशाला झोंबतो. तेल सायलेन्सरवर पडत असेल तर करपलेल्या तेलाचा वास येतो, आणि कूलंट गळत असेल तर गोडसर. वेळ आणि जागा हे दोन पुरावे जुळले, तरच तिसरा म्हणून वासाची जात धरावी.

कारण साधे असू शकते

महागड्या शंकांकडे वळण्याआधी टॉर्च घेऊन गाडीखाली वाकून पाहावे. रस्त्यावरची प्लॅस्टिकची पिशवी उडून सायलेन्सरला चिकटते आणि तिचा वास पुढे बरेच दिवस, प्रत्येक वेळी सायलेन्सर तापला की येत राहतो. इंजिन थंड झाल्यावर लाकडी पट्टीने ती खरवडून काढावी. सर्व्हिसिंगनंतर इंजिनवर विसरलेले फडके, उंदराने बॉनेटखाली जमवलेल्या चिंध्या आणि गवत, सायलेन्सर लटकवणारे रबर तुटून त्यावरच टेकलेले, ही कारणेही वरचेवर सापडतात.

हौदा असलेल्या गाडीत एक खास संशयित असतो, तो म्हणजे ताडपत्री. मागच्या कोपऱ्यातली गाठ सुटली की ताडपत्रीचे टोक किंवा रबरी पट्टा चाकाच्या आणि मडगार्डच्या मध्ये लोंबतो आणि टायरवर घासत राहतो. नायलॉनची दोरी खाली लोंबून प्रोपेलर शाफ्टभोवती गुंडाळली तर ती वितळून शाफ्टवर काळ्या कड्यासारखी घट्ट बसते. अशी दोरी सापडल्यास ती नुसती ओढू नये. गाडी बंद करून, ठोकळे लावून, सुरीने आडवी कापून काढावी आणि जॉइंटजवळच्या ऑइल सीलमध्ये तिचे धागे शिरलेले नाहीत ना, हे पाहावे.

बेल्ट आणि पुल्या

गाडी सुरू करताना चिरकणारा आवाज येतो आणि त्यापाठोपाठ रबराचा वास येतो, तेव्हा बेल्ट घसरत असतो. इंजिन बंद करून, चावी काढून बेल्ट हाताने तपासावा. घासणारी बाजू आरशासारखी गुळगुळीत झाली असेल, कडेचे धागे सुटले असतील किंवा पुल्यांच्या आसपास काळी भुकटी पसरली असेल, तर घसरणे बरेच दिवस चालू आहे. जुन्या पद्धतीच्या बेल्टला आडव्या भेगा पडत आणि त्यावरून त्याचे आयुष्य कळे. आताच्या ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या बेल्टला सहसा भेगा पडत नाहीत, त्याच्या धारा टायरच्या नक्षीसारख्या झिजत जातात. त्यामुळे भेगा नाहीत म्हणून बेल्ट चांगला, हा जुना हिशेब आता चालत नाही.

बेल्ट ढिला आहे की पुल्या एका रेषेत नाहीत, हे ओळखण्यासाठी एक सोपी चाचणी आहे. इंजिन आयडलवर चालू ठेवून, हात, बाह्या आणि गळ्यातला मफलर पूर्ण लांब ठेवून, बेल्टच्या धारांच्या बाजूवर बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारावा. आवाज वाढला तर बेल्टला ताण कमी पडतो आहे. आवाज क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाला तर पुल्यांची रेषा बिघडली आहे. ज्या गाडीत ताण हाताने द्यायचा असतो, तिथे दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब भागाच्या मधोमध अंगठ्याने जोर देऊन दाबले असता बेल्ट साधारण 10 ते 12 मिलिमीटर दबावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा. ताण देताना अल्टरनेटरचा बोल्ट सैल करून, तो पहारीच्या साहाय्याने बाहेर ढकलून बोल्ट आवळतात. मात्र पहार अल्टरनेटरच्या ॲल्युमिनियमच्या अंगावर न टेकवता जाड ब्रॅकेटच्या बाजूला टेकवावी. "घट्ट असलेला बरा" या समजुतीने बेल्ट तारेसारखा ताणला तर अल्टरनेटरची आणि वॉटर पंपाची बेअरिंगे अकाली जातात. नवा व्ही-बेल्ट सुरुवातीला थोडा सैलावतो, म्हणून काही दिवसांनी ताण पुन्हा तपासावा.

आता मुख्य मुद्दा. बेल्ट जळलेला दिसला तर नवा चढवण्याआधी जुना काढून प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी. बेल्ट काढण्यापूर्वी त्याची वाट कशी आहे याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, म्हणजे परत बसवताना वाद होत नाही. आयडलर पुली (बेल्टला नुसती वाट देणारी पुली) मोकळी आणि आवाज न करता फिरली पाहिजे. फिरवताना खरखर जाणवली, ती डुगडुगली किंवा एका जागी अडली तर तिचे बेअरिंग संपले आहे. अल्टरनेटर फिरवताना किंचित विरोध असतो, पण खडखड नसावी. वॉटर पंपाच्या पुलीला पुढे-मागे हलवून पाहावे. ती हलत असेल आणि खाली कूलंटचा वाळलेला पांढरा किंवा रंगीत डाग असेल तर पंप बदलण्याच्या तयारीला लागावे. एसी लावताच वास येत असेल तर कॉम्प्रेसरची पुली आणि तिचा क्लच तपासावा, आणि स्टिअरिंग टोकापर्यंत वळवल्यावर बेल्ट ओरडत असेल तर पॉवर स्टिअरिंगचा पंप. ऑटो टेन्शनर (बेल्टचा ताण आपोआप राखणारा स्प्रिंगचा हात) असलेल्या गाडीत टेन्शनरचा हात थरथरत असेल तर त्याची स्प्रिंग थकली आहे, आणि मग नवा बेल्टही घसरणार.

बेल्टवर तेल किंवा कूलंट सांडले असेल तर आधी गळती बंद करावी आणि मग बेल्ट बदलावा. बेल्टवर साबण घासणे, मेण लावणे किंवा आवाज बंद करणारा स्प्रे मारणे हे माझ्या मते निव्वळ फसवणुकीचे उपाय आहेत. आवाज चार दिवस दबतो, घसरणे चालूच राहते, आणि त्या चिकटपणाला धूळ लागून पुल्याही खराब होतात.

चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला, स्टिअरिंग जड झाले आणि रबराचा वास आला, तर बेल्ट तुटला आहे असे समजून लगेच थांबावे. अनेक गाड्यांत वॉटर पंप त्याच बेल्टवर चालतो, आणि पुढच्या गावापर्यंत जाऊन बघू म्हणत ओढलेल्या गाडीचे हेड गॅस्केट उडायला फार अंतर लागत नाही.

ब्रेक

उतारावर आलेला वास आणि सपाटीवर आलेला वास यांत फरक करावा लागतो. इगतपुरीकडून कसाऱ्याकडे उतरताना गाडी साधारण 300 मीटर खाली येते. मालासह 3 टन वजनाची पिकअप हा उतार केवळ ब्रेकवर उतरली तर सुमारे 88 लाख ज्यूल उष्णता ब्रेकमध्ये उतरते. एवढ्या उष्णतेत 25 लिटरहून अधिक पाणी उकळीला येईल. त्यामुळे घाट उतरल्यावर चारही चाकांना सारखा वास येत असेल तर तो बहुधा बिघाड नसून चालवण्याच्या पद्धतीचा परिणाम असतो. ज्या गिअरमध्ये तो घाट चढावा लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे, इंजिनाच्या ब्रेकिंगवर वेग धरावा आणि ब्रेक सतत चेपून ठेवण्याऐवजी थोडा वेळ नीट लावून पूर्ण सोडावा. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय जिवावर बेतते. त्यातून इंजिन बंद पडले तर ब्रेकच्या बूस्टरला मिळणारा व्हॅक्यूमही संपतो आणि पेडल दगडासारखे होते. तापलेल्या ब्रेकने पेडल मऊ, खोल जाऊ लागले तर तेलात वाफ धरली आहे. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते आणि त्याचा उकळबिंदू उतरत जातो, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे.

सपाट रस्त्यावर, एकाच चाकाला वास येत असेल तर मात्र ब्रेक धरून बसला आहे. खात्री करण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर काही किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता जावे, गिअर उतरवत गाडी थांबवावी आणि प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हाताची मागची बाजू, स्पर्श न करता, धरून पाहावी. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तमच. पुढच्या दोन चाकांची एकमेकांशी आणि मागच्या दोनची एकमेकांशी तुलना करावी. डिस्क आणि ड्रम यांची तुलना करण्यात अर्थ नाही. उजव्या-डाव्यात मोठा फरक असेल तर गुन्हेगार सापडला.

त्यानंतर गाडी रिकामी करून, सपाट जागी, बाकीच्या चाकांना ठोकळे लावून ते चाक जॅकवर उचलावे आणि स्टँडवर टेकवावे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोके घालू नये. चाक हाताने फिरवले असता पॅडची हलकी घसघस चालेल, पण जोर लावावा लागता कामा नये. फिरत नसेल तर पेडलवर पाय नसताना त्या चाकाचा ब्लीडर निपल (ब्रेकच्या तेलातली हवा काढण्याचा छोटा स्क्रू) किंचित सैल करावा. तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले तर तेलाचा दाब अडकून पडला होता. चाक तरीही अडलेलेच राहिले तर कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीचा) पिस्टन, तो ज्यावर सरकतो ती सरकपिन किंवा मागचा व्हील सिलिंडर जाम आहे. दाब अडकला असेल तर आणखी एक पायरी. निपल पुन्हा आवळावा, ब्रेक दाबून सोडावा आणि या वेळी मास्टर सिलिंडरजवळची नळी सैल करून पाहावी. तिथे चाक मोकळे झाले तर दोष मास्टर सिलिंडरचा किंवा पेडलला मोकळी चाल नसल्याचा आहे. तिथे मोकळे झाले नाही आणि निपलपाशीच होते, तर मधला रबरी ब्रेक होज आतून फुगलेला आहे: पायाच्या जोराने तेल पुढे जाते, पण परत येत नाही. बाहेरून हा होज नव्यासारखा दिसतो, त्यामुळे कॅलिपर बदलूनही दोष न गेलेल्या गाड्यांत बहुधा हाच राहून गेलेला असतो. या चाचण्यांनंतर ब्रेकची हवा काढणे अनिवार्य आहे, आणि ते काम स्वतः येत नसेल तर निपलला हात न लावता मिस्त्रीला बोलवावे.

सरकपिना जाम असतील तर त्या काढून, गंज साफ करून, ब्रेकसाठी असलेले खास ग्रीस लावून बसवाव्यात. साध्या ग्रीसने रबरी बूट फुगतात आणि पिना पुन्हा अडकतात. मागच्या चाकांत पावसाळ्यानंतर हँडब्रेकची केबल गंजून परत न येणे हा नेहमीचा प्रकार आहे. केबल लिव्हरपाशी पूर्ण सैल करून चाक मोकळे होते का, ते पाहिले की निवाडा होतो. ड्रम उघडल्यावर लायनर तेलाने ओले दिसले तर ते धुऊन परत वापरू नयेत, बदलावेत, आणि त्याआधी गळणारा व्हील सिलिंडर किंवा ॲक्सलचा सील दुरुस्त करावा. आतली भुकटी हवेच्या पाइपाने उडवण्याची गॅरेजमधली सवय वाईट आहे, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते; ती ओल्या फडक्याने पुसावी.

क्लच

चढावर, भरल्या गाडीत, ट्रॅफिकमध्ये थांबत-थांबत चढताना वास आला आणि त्याच वेळी इंजिनाचा आवाज चढला पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. चाचणी अशी : मोकळ्या जागेत हँडब्रेक पूर्ण ओढून, पाय ब्रेकवर ठेवून, चौथा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. क्लच धड असेल तर इंजिन लगेच बंद पडते. ते चालूच राहिले तर प्लेट घसरते आहे. ही चाचणी एकदाच करावी, कारण प्रत्येक वेळी प्लेट आणखी जळते.

क्लच उतरवण्याचा खर्च मोठा असतो, म्हणून आधी पेडलची मोकळी चाल पाहावी. केबलचा क्लच असेल तर केबल ताणलेली राहिल्याने प्लेट पूर्ण दाबली जात नाही, आणि नुसत्या ॲडजस्टमेंटने काम होते. गिअरबॉक्स उतरवावाच लागला तर प्लेटबरोबर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदलणे शहाणपणाचे, कारण मजुरी तेवढीच लागते. फ्लायव्हीलवर निळसर डाग किंवा बारीक भेगा दिसल्या तर तो टर्नरकडे दाखवावा. प्लेट तेलकट निघाली तर क्रँकचा मागचा सील किंवा गिअरबॉक्सचा पुढचा सील गळतो आहे, आणि तो न बदलता नवी प्लेट टाकली तर हाच खर्च पुन्हा करावा लागेल.

हाफ क्लचवर गाडी चढावर धरून ठेवण्याची सवय असलेल्या चालकाकडे नवी प्लेटही टिकत नाही. हे मालकाने चालकाला सांगितलेले चालकाला आवडत नाही, तरी सांगावे. एखाद्याच प्रसंगी, उदाहरणार्थ चिखलात रुतलेली गाडी काढताना, क्लच तापून वास आला असेल आणि नंतर वरची चाचणी व्यवस्थित निघाली, तर वास एक-दोन दिवसांत आपोआप जातो. काही बदलण्याची गरज नाही.

टायर आणि प्रोपेलर शाफ्ट

फक्त भरलेल्या गाडीला, खड्ड्यात किंवा वळणावर वास येत असेल तर मागच्या टायरच्या वरचा मडगार्ड आतून पाहावा. टायर लागत असेल तिथे चिखल पुसला जाऊन पत्रा घासून चमकलेला असतो, आणि टायरवर तशीच गुळगुळीत रेघ असते. याचे कारण क्षमतेपेक्षा जास्त माल, बसलेले किंवा तुटलेले पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), अथवा कंपनीने दिलेल्या मापापेक्षा मोठे टायर हे असते. पाट्यांचा मधला बोल्ट तुटला तर पूर्ण ॲक्सल थोडा मागे-पुढे सरकतो आणि एकाच बाजूचे चाक लागते. दोन्ही बाजूंची मागच्या चाकाच्या मध्यापासून पुढच्या चाकाच्या मध्यापर्यंतची अंतरे टेपने मोजली की ते उघड होते. पाटे वाढवले म्हणजे जास्त माल भरता येतो, हा समज खोटा आहे. चॅसिस, ॲक्सल आणि ब्रेक तेच राहतात.

हवा कमी असलेला टायर घासल्याविनाही तापतो, कारण त्याची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते. हवेचा दाब टायर थंड असताना, पुस्तिकेतल्या किंवा दरवाजाजवळच्या स्टिकरवरच्या, भरलेल्या गाडीसाठीच्या आकड्याप्रमाणे ठेवावा. प्रवासात तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा काढू नये.

लांब चॅसिसच्या पिकअपमध्ये प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि मध्ये सेंटर बेअरिंग रबराच्या कड्यात टांगलेले असते. ते रबर फाटले की शाफ्ट डगमगतो आणि उरलेल्या रबरावर घासतो. ठरावीक वेगाला पायाखाली थरथर, गाडी जागेवरून निघताना धक्का आणि हौद्याच्या मध्याखालून रबराचा वास, असे तिन्ही एकत्र आले तर इतरत्र शोधत बसू नये. बेअरिंग बदलताना दोन्ही तुकड्यांवर चुन्याने किंवा पांढऱ्या रंगाने खूण करून मगच शाफ्ट सोडवावा. खूण न जुळवता बसवला तर थरथर कायम राहते.

वायरिंग, तेल आणि बीएस-6

वायर जळत असल्याची शंका आली तर शोध नंतर, आधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे. पिकअपमध्ये मूळ वायरिंगपेक्षा नंतर बसवलेल्या वस्तूंचा दोष अधिक असतो: जादा हॉर्न, एलईडीच्या पट्ट्या, टेप, पंखा, यांची वायर थेट बॅटरीवरून, फ्यूज न घालता ओढलेली असते आणि पत्र्याच्या धारेवर घासून उघडी पडते. फ्यूज बॉक्स उघडून पाहावा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेला किंवा मापापेक्षा मोठा फ्यूज सापडला, तर वायरच फ्यूजचे काम करते आहे असे समजावे.

टॅपेट कव्हरचे पॅकिंग गळून तेल एक्झॉस्टवर पडणे त्रासदायक असले तरी सहसा थांबून दुरुस्त करण्याइतका वेळ देते. डिझेलच्या रिटर्न पाइपची गळती मात्र तो वेळ देत नाही, कारण टर्बोजवळ पडलेले डिझेल पेट घेऊ शकते. इंजेक्टरवरचे बारीक रबरी पाइप कडक होऊन तडकले असतील तर सगळे एकदम बदलावेत, ते स्वस्त असतात.

1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 या गाड्यांच्या धुरासंबंधीच्या नियमांनंतरच्या डिझेल गाड्यांत धुराच्या वाटेवर काजळी पकडणारा फिल्टर असतो, आणि साठलेली काजळी तो अधूनमधून 600 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानाला जाळतो. त्या वेळी गरम, जळका वास येतो आणि आयडलचा वेग किंचित चढतो. हा बिघाड नाही, आणि ते काम अर्ध्यात तोडू नये. परंतु अशी गाडी वाळल्या गवतावर, कडब्याजवळ किंवा खळ्यावरच्या भुशावर उभी करू नये.

दुरुस्तीनंतर

काम झाल्यावर गाडी रिकामी फिरवून परत ताब्यात घेऊ नये. वास भरलेल्या गाडीला येत होता, तर चाचणीही नेहमीच्या मालासह, नेहमीच्या चढ-उतारावर व्हावी. परत आल्यावर चारही चाकांची उष्णता पुन्हा जोडीने पाहावी, इंजिन चालू असताना बॅटरीवर मल्टीमीटर लावून 13.5 ते 14.5 व्होल्ट मिळतात का ते बघावे, आणि चाक काढले असेल तर नट पुन्हा एकदा आवळावेत. मिस्त्रीकडून जुना काढलेला भाग मागून घ्यावा: जळलेला बेल्ट, घासलेले पॅड, अडकलेली पुली. पॅडची एक बाजू जास्त झिजलेली असेल तर सरकपिना साफ झाल्या का, एवढे त्याला तिथेच विचारावे.